अंगठा तपासून झाला, आता कट्टा तपासा

प्रति,
मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

माझ्या नोकरीची शेवटची वर्षे मराठवाड्यातल्या एका तहसील कार्यालयात, पुरवठा शाखेचा अव्वल कारकून म्हणून गेली. निवृत्त झालो तरी गावातली माणसे कार्ड घेऊन ओसरीवर येतातच. कुणाचे नाव कमी झालेले असते, कुणाचा बारा अंकी नंबर ऑनलाइन दिसत नसतो, कुणाला दुकानदार "पुढच्या महिन्यात बघू" म्हणालेला असतो. हे पत्र आपल्या टपालात न टाकता उघड लिहितो आहे, त्याला कारण आहे. टपालातल्या पत्राचे काय होते ते मी आत बसून पाहिले आहे. त्यावर आवक क्रमांक पडतो, "नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी" असा शेरा पडतो, मग ते मंत्रालयातून विभागात, विभागातून जिल्ह्यात आणि जिल्ह्यातून तालुक्यात उतरत उतरत, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच टेबलावर खुलाशासाठी येऊन बसते.

रेशनमधली चोरी थांबवायला गेल्या दहाएक वर्षांत सरकारने बरेच काही आणले. आधार जोडणी आली, पॉस मशीन आले, थम आला, आता ई-केवायसी आली. यातले बहुतेक सगळे एकाच माणसाकडे तोंड करून बसवलेले आहे, आणि तो माणूस म्हणजे रांगेतला कार्डधारक. धान्य मात्र त्याच्या पिशवीत पडण्याआधी अन्न महामंडळाच्या गोदामातून ट्रकमध्ये, ट्रकमधून शासकीय गोदामात, तिथून द्वारपोचच्या गाडीत आणि गाडीतून दुकानात असे चढत-उतरत येते. त्या सगळ्या वाटेवर माणसाच्या बोटाइतकी कडक तपासणी कशाचीच होत नाही. मला एवढेच सांगायचे आहे: बोटावरचा पहारा थोडा सैल करा आणि तो धान्याच्या कट्ट्यावर बसवा.

ई-केवायसी गैर आहे असे मी म्हणत नाही. पॉस मशीनवर घरातल्या एकाने अंगठा दिला की सगळ्या कुटुंबाचे धान्य निघते. त्यामुळे सासऱ्यांचे तेरावे होऊन चार वर्षे झाली तरी त्यांचे पाच किलो घरात येत राहतात, आणि लग्न करून गेलेल्या मुलीचे नाव माहेरी आणि सासरी दोन्हीकडे चालू राहते. आपल्या राज्याचा इष्टांक ७ कोटी १७ हजार माणसांवर बांधलेला आहे, तोही २०११ च्या जनगणनेच्या आधारावर. जोवर एक नाव निघत नाही तोवर दुसरे बसत नाही. गावात नवी सून येते, तिला मूल होते, आणि दोघांनाही "इष्टांक शिल्लक नाही" एवढेच उत्तर मिळते. तेव्हा मयतांची आणि दुबार नावे निघालीच पाहिजेत. देशभरात डिजिटल नोंदींमुळे ५ कोटी ८० लाख बोगस शिधापत्रिका रद्द झाल्याचे केंद्र सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात सांगितले. त्यातल्या बोगस किती आणि नुसत्याच न जुळलेल्या किती, याचा हिशोब त्या निवेदनात नव्हता.

हा हिशोब महत्त्वाचा का, ते कुठल्याही दुकानासमोर तासभर उभे राहिले की कळते. सत्तरीची बाई पुढे येते. दुकानदार तिचा अंगठा काचेवर दाबतो, मशीन नाही म्हणते. मग तर्जनी, मग मधले बोट. बोट पदराला पुसायचे, ओल्या फडक्याने पुसायचे, परत ठेवायचे. जन्मभर खुरपणी करून, भांडी घासून त्या बोटावर रेघच राहिलेली नसते. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडते, "म्हातारे, नातवाला पाठव की!" नातू शाळेत असतो, आणि त्याचे आधार लहानपणी काढलेले असते. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारला बोटांचे ठसे नसतात, ते पाचव्या आणि पुन्हा पंधराव्या वर्षी अद्ययावत करावे लागतात. ते केलेले नसतात, म्हणून नातवाचीही केवायसी अडलेली असते. चेहरा दाखवून केवायसी करायचे ॲप आले आहे खरे, पण त्याला स्मार्टफोन लागतो, रेंज लागते, आणि आजीचे डोळे योग्य वेळी मिटावे-उघडावे लागतात. अशी बाई यंत्राच्या नोंदीत "प्रलंबित" असते आणि बैठकीत तिची गणना "संशयित" अशी होते.

त्यात ऊसतोडीचे पाहा. केंद्राने जुलै २०२५ मध्ये नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली. सहा महिने धान्य न उचललेले कार्ड तात्पुरते बंद करायचे आणि तीन महिन्यांत प्रत्यक्ष पडताळणी करायची, असा तो आदेश. बीडच्या डोंगरपट्ट्यातला कोयता दिवाळीच्या सुमाराला निघतो आणि हंगाम लांबला तर उन्हाळ्यात परततो. "एक देश, एक रेशनकार्ड" आहे, त्यामुळे त्याने कारखान्याच्या तळाजवळच्या दुकानात धान्य उचलावे हे बरोबरच. पण तिथला दुकानदार म्हणतो, "तुमचा माल तुमच्या गावाला आलाय. माझ्याकडे आलाय तो माझ्या युनिटापुरता." नियमाने तो असे म्हणू शकत नाही, म्हणतो मात्र रोज. आता हंगाम सहा महिन्यांचा आणि कार्ड बंद पडायची मुदतही सहा महिन्यांची. आदेश काढणाऱ्याच्या मनात बोगस कार्डवाला होता, हाती लागणार तो कोयतेवाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

बरे, एवढे करून चोरी तरी किती पकडली जाते? अंगठा माणूस ओळखतो. वजन ओळखत नाही. पंचवीस किलोच्या पावतीवर बावीस किलो मिळाले, तर यंत्राच्या लेखी व्यवहार बिनचूक झालेला असतो. उलट त्या उणिवेवर खुद्द कार्डधारकाच्याच बोटाचा शिक्का पडलेला असतो. झारखंडमध्ये याची मोठी पाहणी झाली. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाऊस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी अंगठ्याची सक्ती लागू झालेले आणि न झालेले भाग ताडून पाहिले. नुसत्या अंगठ्याने गळती कमी झालेली त्यांना दिसली नाही. ज्या सुमारे २३ टक्के कुटुंबांचे आधार कार्डाला जोडलेले नव्हते, त्यांच्या पदरात पडणारे धान्य मात्र सरासरी १० टक्क्यांनी घटले. पुढे सरकारने पॉसच्या नोंदीप्रमाणे दुकानातला शिल्लक साठा धरून नियतन कमी केले, तेव्हा गळती काही प्रमाणात आटली, आणि त्याच फटक्यात खऱ्या लोकांचेही धान्य घटले. हा अभ्यास आपल्या खात्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी वाचलेला असणार. परीक्षेला आलेला असतो. फायलीवर तो कधी आलेला मी पाहिला नाही.

आता कट्ट्याकडे येतो.

पन्नास किलोचा कट्टा म्हणजे आत पन्नास किलो धान्य आणि वर बारदानाचे वजन. तागाचे नवे बारदान ५८० ग्रॅमचे असते. म्हणजे काट्यावर ५० किलो ५८० ग्रॅम भरले पाहिजे. गोदामात कट्टे मोजतात नगावर. शंभर कट्टे, पन्नास क्विंटल, करा सही. बारदानासकट पन्नास भरलेला कट्टा पन्नासचा म्हणून गेला, तर शंभर कट्ट्यांत ५८ किलो धान्य कागदावर पोचते आणि दुकानात पोचत नाही. याला अजून चोरी म्हणत नाहीत, तूट म्हणतात. हुक मारून सांडलेले, शिवण उसवून गळलेले, थप्पीच्या तळाशी ओल धरून गेलेले वेगळे. ही सगळी तूट दुकानदाराच्या माथी येते. द्वारपोच योजनेत माल दुकानाच्या दारात, वजन करून उतरवून द्यायचा असतो. गाडीबरोबर काटा आलेला किती दुकानदारांनी पाहिला, हे त्यांना खाजगीत विचारा. उतराईची हमाली कोण देतो, तेही विचारा.

दुकानदाराला संत ठरवायचा माझा इरादा नाही, मी त्यांना चांगला ओळखतो. पण त्याचा जमाखर्च एकदा मांडून पाहू. समजा त्याच्याकडे हजार युनिट, म्हणजे कार्डांवरची हजार माणसे आहेत. माणशी पाच किलोने महिन्याचे पन्नास क्विंटल झाले. कमिशन क्विंटलला दीडशे होते, आपल्या सरकारने २०२५ मध्ये ते १७० केले, त्याबद्दल आभार. पन्नास क्विंटलचे झाले ८,५०० रुपये. त्यात दुकानाचे भाडे, वीज, मापाड्याची मजुरी, पावतीचा रोल, गोदामात आणि तहसीलमध्ये मारायच्या चकरा. उरले त्यावर त्याने प्रामाणिक राहायचे. आता दुसरी बाजू. युनिटमागे अर्धा किलो कापला तर महिन्याला पाच क्विंटल उरतात. किलोला वीस रुपये धरले तरी दहा हजार झाले. इमानाने महिनाभर काम करून जे मिळते त्याहून अधिक नुसत्या मापात पाप करून मिळते, आणि गोदामातून आलेल्या तुटीमुळे या पापाला तोंडी लावायला कारणही तयार असते: "वरूनच कमी येतंय, मी काय घरचं घालू?" हे कारण अर्धे खरे असते, म्हणूनच ते खपते. वरची तूट बंद केल्याशिवाय खालची काटछाट बंद होणार नाही, आणि कमिशन वाढवल्याशिवाय दुकानदाराला जाब विचारायला तोंड उरणार नाही. दोन्ही एकदम करावे लागेल.

यावर उपाय नवा नाही. पॉस मशीनला इलेक्ट्रॉनिक काटा जोडायचा. काट्यावर जेवढे वजन पडेल तेवढीच पावती निघेल, आकडा हाताने टाकता येणार नाही. केंद्राने यासाठी २०२१ मध्ये नियमही बदलले. माझ्या पाहण्यातल्या दुकानांत मशीन एका बाजूला असते, काटा दुसऱ्या बाजूला, आणि दोघांची ओळख नसते. हाच काटा आधी शासकीय गोदामाच्या दारात लावा अशी माझी विनंती आहे. दुकाने पन्नास हजारांवर आहेत, सगळीकडे पोचायला वेळ लागेल. गोदामे त्या मानाने मोजकी. गाडीला जीपीएस लावल्याने गाडी कुठे गेली ते कळते. वाटेत ढाब्यावर किती कट्टे उतरले ते काटाच सांगेल.

शेजारच्या छत्तीसगडने गळती अंगठ्याशिवाय रोखून दाखवली. तिथे २००४ पासून खाजगी दुकानदारांकडून दुकाने काढून ग्रामपंचायती, बचत गट आणि सहकारी संस्थांना दिली. कमिशन वाढवले. धान्याचे ट्रक पिवळे रंगवले, म्हणजे पिवळा ट्रक भलत्या ठिकाणी उभा दिसला की पोरगेही ओळखेल. माल पोचायच्या तारखा ठरवल्या आणि पाळल्या, ट्रक निघाला की गावात मोबाइलवर निरोप जाऊ लागला. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून काढलेला हिशोब असा, की देशभरातली गळती २००४-०५ मध्ये ५४ टक्के होती ती २०११-१२ मध्ये ४२ टक्क्यांच्या आसपास आली, छत्तीसगडमध्ये ती दहा टक्क्यांच्या आत आली, आणि बिहारसारख्या राज्यात ९१ वरून २४ वर. त्या काळात गावोगावच्या दुकानांत अंगठ्याचे यंत्र नव्हते. पुढे २०२२-२३ च्या घरखर्च पाहणीवरून दिल्लीच्या एका संशोधन संस्थेने गळती २८ टक्के काढली. तो आकडा फुगलेला असल्याचा आक्षेप इतरांनी घेतला, तो वाद तज्ज्ञ मिटवतील. गळती कमी धरली तरी ती अशी आहे की ज्या माणसाच्या हातात रोज काटा असतो त्याला आश्चर्य वाटणार नाही.

महोदय, अपात्र शिधापत्रिका शोधमोहीम निघाली की पेपरात चारचाकीवाले, पक्क्या घरवाले, नोकरदार कार्डधारक यांच्या बातम्या येतात. अशी माणसे आहेत. बुलेटवरून येऊन रेशनचा तांदूळ नेणारा मीही पाहिला आहे, आणि त्याचे नाव कमी करायला गेलेल्या निरीक्षकाला कुणाचा फोन आला तेही ऐकले आहे. पण खोटेपणाची सुरुवात तिथे होत नाही. ती होते उत्पन्नाच्या मर्यादेपाशी. प्राधान्य कुटुंबासाठी राज्याने २०१३ मध्ये ठरवलेली मर्यादा आहे ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजार, शहरात ५९ हजार. रोजगार हमीचा आपल्या राज्यातला दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे घरातल्या एकाच माणसाने वर्षात १४२ दिवस सरकारच्या दराने मातीकाम केले, की कुटुंब मर्यादेच्या वर गेले. बायकोने एक दिवसही खुरपायला जायचे नाही. पाच माणसांचे घर ४४ हजारांत वर्ष काढते असे खात्यातला एकही अधिकारी मानत नाही, तरी त्या आकड्याच्या आतला दाखला घेतल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. मग तलाठी ४० हजार लिहितो, अर्जदार खाली अंगठा करतो आणि आम्ही तो जोडून घेतो. तिघांनाही आकडा खोटा असल्याचे ठाऊक असते. ज्या दिवशी कुणाचा काटा काढायचा असेल त्या दिवशी हाच दाखला पुरावा म्हणून बाहेर येतो. ही मर्यादा खऱ्या मजुरीला धरून बदला. खोटे बोलल्याशिवाय जिथे शिरताच येत नाही, तिथे खोटे कार्ड शोधायची मोहीम लटकी वाटते.

टेम्पोचा विषयही काढला पाहिजे. वाटप झाले की दोन-चार दिवसांत गावात टेम्पो फिरतो आणि रेशनचा तांदूळ विकत घेतो. लोक फुकटचे विकतात, त्यांना गरज नाही, असा निष्कर्ष यावरून फार लवकर काढला जातो. अनेक जिल्ह्यांत माणशी तीन किलो तांदूळ आणि दोन किलो गहू मिळतो. पाच माणसांच्या घरात पंधरा किलो तांदूळ. आमच्याकडे जेवण म्हणजे भाकरी. भात सणाला, पाहुण्याला, आजाऱ्याला. बाई त्यातला दहा किलो विकते आणि त्या पैशात तेल-मीठ किंवा चार किलो ज्वारी आणते. तिने सरकारला फसवले का? कायद्याच्या नजरेत हो, आणि टेम्पोवाल्यावर कारवाई झालीच पाहिजे, कारण तो तांदूळ पुढे गिरणीत जाऊन पॉलिश होऊन नव्या बारदानात भरला जातो. सरकारी धानाच्या भरडाईत तोच परत जमा केला जातो अशा तक्रारी पूर्व विदर्भात जुन्याच आहेत. सरकारला किलोमागे चाळीस रुपयांच्या घरात पडणारा तांदूळ असा गोल फिरून पुन्हा सरकारच्याच गळ्यात पडतो. पण तो टेम्पो भाकरीच्या मुलखात का फिरतो याचे उत्तर पोलिसांकडे नाही, आपल्या नियतनाच्या तक्त्यात आहे. मधल्या काळात काही जिल्ह्यांत ज्वारी दिली गेली, तेव्हा ती विकायला कुणी काढली नाही. राज्यात हमीभावाने ज्वारी खरेदी होते. ती हंगामात मराठवाड्याच्या दुकानांत आणा, टेम्पोचे अर्धे फेरे आपोआप बंद होतील.

आणि रेशनच्या तांदळात मिसळलेले ते पोषक दाणे. तांदळाच्या शंभर दाण्यांमागे एक दाणा लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेला असतो. तो थोडा पिवळट दिसतो, पाण्यात तरंगतो. गावोगाव बायका तो "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून निवडून उकिरड्यावर टाकतात. सरकार खर्च करून पोषण मिसळते आणि बाई वेळ खर्चून ते वेचून काढते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते इथे अक्षरशः कोंबड्या खातात. दुकानात मराठीतला एक ठळक फलक, आणि अंगणवाडी ताईने एकदा शिजवून दाखवले, एवढ्याने हे थांबेल.

लहान चोरी पिशवीतून होते. मोठी निविदेतून होते. अंगणवाडीचा पोषण आहार आपल्या खात्यात येत नाही, महिला व बालविकासकडे येतो, पण धडा सगळ्यांना लागू आहे. त्या आहारात ठेकेदार नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावले होते. काम गावच्या महिला मंडळांनी, बचत गटांनी करायचे. आपल्या राज्यात काय झाले? महिला मंडळांच्या नावाने कंत्राटे गेली, आणि न्यायालयाने नेमलेल्या अन्न आयुक्तांच्या कार्यालयाने २०१२ मध्ये लिहिले की यातल्या मोठ्या मंडळांमागे खाजगी कंपन्याच उभ्या आहेत. पुढे २०१६ च्या निविदेच्या अटी अशा होत्या की गावातला खरा बचत गट त्यात बसूच नये. ती हजारो कोटींची प्रक्रिया सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये रद्द केली. तोवर किती वर्षांची पाकिटे वाटून झाली होती! उपमा, शिरा, सुकडी अशा नावांची ती पाकिटे मुले तोंडात धरत नव्हती, गोठ्यात मात्र ती आवडीने खाल्ली जात. या सगळ्या काळात कंत्राटाचा अंगठा कुणी घेतला नाही.

कायद्यात काय नाही ते सांगा. अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये दक्षता समित्या आहेत, सामाजिक अंकेक्षण आहे, जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, राज्य अन्न आयोग आहे. दक्षता समितीच्या बैठकीचे इतिवृत्त मी स्वतः लिहिलेले आहे, म्हणून सांगतो: ते बैठकीआधीच टाइप झालेले असते. "धान्य नियमित व योग्य वजनाने वाटप होत असल्याबाबत सदस्यांनी समाधान व्यक्त केले." सदस्यांच्या सह्या नंतर घरी जाऊन आणायच्या. १९६७ हा मदत क्रमांक प्रत्येक दुकानाच्या पाटीवर असतो, पाटी बहुधा दाराच्या आतल्या बाजूला असते. सगळ्यात अडगळीत पडलेली तरतूद आहे अन्नसुरक्षा भत्त्याची. हक्काचे धान्य सरकारने दिले नाही, तर हमीभावाच्या सव्वापट रकमेतून कायद्यातली किंमत वजा करून पैसे द्यायचे, असा २०१५ चा नियम आहे. गव्हाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामात २,४२५ रुपये होता. दोन रुपये वजा केले तरी किलोला २८ रुपयांच्या वर भत्ता होतो. मशीन बंद, सर्व्हर बंद, माल आला नाही, असे महिने माझ्या तालुक्यात दर वर्षी आले. एकाही कार्डधारकाला भत्ता दिल्याचे देयक माझ्या टेबलावरून गेले नाही. चुकलेल्या प्रत्येक महिन्याचे पैसे जर खरोखर तिजोरीतून जाऊ लागले, तर सर्व्हर किती लवकर सुधारतो ते पाहण्यासारखे असेल.

तपासणीचे म्हणाल तर तिला फार खर्च नाही. तेलंगणात शेतकऱ्यांच्या मदतीच्या धनादेश वाटपात अधिकाऱ्यांना फक्त एवढे कळवले गेले की तुमच्या भागातल्या लाभार्थ्यांना फोन करून विचारले जाणार आहे. तेवढ्यानेही वाटप सुधारले. आपल्याकडे प्रत्येक कार्डाला मोबाइल नंबर जोडायचा आग्रह आहेच. मुंबईत दहा-बारा मुली फोनवर बसवा. तालुक्यातून चिठ्ठ्या टाकून पन्नास नंबर काढा आणि तीनच प्रश्न विचारा: किती किलो मिळाले, पावती मिळाली का, पैसे घेतले का. उत्तरे दुकानाच्या नावासह पोर्टलवर मराठीत टाका. धान्य फुकट झाल्यापासून पावती मागणे लोकांना अवघड वाटते. "फुकटात मिळतंय, वर पावती पाहिजे?" हा टोमणा ऐकला की माणूस गप्प होतो. त्याला सरकारचाच फोन आला पाहिजे.

नाव कमी करण्यापूर्वी घरी जाऊन पाहणी आणि लेखी नोटीस, ही माझी आणखी एक मागणी आहे. यंत्राने वगळलेल्या माणसाला आपण वगळले गेलो हे दुकानात रांगेत उभे राहिल्यावर कळू नये. ऊसतोड, वीटभट्टी, मेंढपाळ यांच्या पडताळणीची मुदत हंगाम संपल्यावर मोजा. आणि ज्यांची बोटे उमटत नाहीत त्यांच्यासाठी दुकानदाराच्या मर्जीवर न सोडलेली, नोंदवहीची सोय ठेवा. नोंदवहीत गैरव्यवहार होईल म्हणता, होईल. तालुक्यातली अशी शे-दोनशे नावे तलाठ्याला तपासता येतात.

पकडलेल्या धान्याचीही एक गोष्ट राहिली. ट्रक पकडला की जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा नोंदतो, आरोपी ड्रायव्हर आणि क्लीनर. माल कुणाचा आणि कुठे चालला होता हे तपासात "निष्पन्न झाले नाही". कट्टे पोलीस ठाण्याच्या आवारात ताडपत्रीखाली पडतात, दोन पावसाळे खातात. जिल्हाधिकाऱ्याला ते लगेच विकायचा किंवा वाटायचा अधिकार कायद्याच्या कलम ६-अ मध्येच आहे. तो वापरण्याचे एक परिपत्रक काढायला आपल्याला अर्धा दिवस पुरे.

हे सगळे एकदम होणार नाही, मला कल्पना आहे. म्हणून एका कामापासून सुरुवात करा. पुढच्या महिन्यात, आधी न कळवता, कुठल्याही तालुक्याच्या शासकीय गोदामात जा. जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याला सोबत घेऊ नका, काटा घ्या. दुकानाकडे निघालेल्या गाडीतले दहा कट्टे उतरवून तिथेच वजन करा. तिथून त्याच गाडीच्या मागे दुकानात जा आणि पिशवी घेऊन बाहेर पडणाऱ्या पहिल्या दहा बायकांच्या पिशव्या त्यांच्या परवानगीने त्याच काट्यावर ठेवा. दोन्ही ठिकाणचे आकडे, पावतीवरच्या आकड्यांसह, दुसऱ्या दिवशी पेपरला द्या.

कळावे,

आपला विश्वासू,
पुरवठा शाखेतला एक निवृत्त अव्वल कारकून